कट्यार, कांदेपोहे आणि मधला अद्भुत रस

वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात आम्ही 'रोमँटसी'बद्दल, म्हणजे अद्भुत जगात घडणाऱ्या प्रेमकथांबद्दल प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांचा रोख एकाच उपप्रकारावर निघाला: आधी हाडवैर, मग प्रेम, आणि वर काळोखी वातावरण. इंग्रजी वाचणारी तरुण मंडळी त्याला 'एनिमीज टू लव्हर्स' म्हणतात. निवडक पत्रांना उत्तरं देत आहोत.

माझी भाची बँकेत अधिकारी आहे. रोज रात्री ती सहाशे पानी कादंबऱ्या वाचते. त्यात कुणी राजपुत्र नायिकेच्या गळ्याला कट्यार लावतो आणि चारशे पानांनंतर तीच त्याच्या प्रेमात पडलेली असते. प्रत्यक्षात असा माणूस भेटला तर ही मुलगी थेट पोलीस चौकी गाठेल. मग यात आवडण्यासारखं काय आहे? हा स्टॉकहोम सिंड्रोमच नाही का?
— वाचक, सदाशिव पेठ

शेवटचा मुद्दा आधी घेऊ. हा शब्द ऑगस्ट 1973 मध्ये स्टॉकहोममधल्या एका बँकेवरच्या दरोड्यातून आला. तिथे चार जण सहा दिवस ओलीस होते. मानसोपचारातल्या 'डीएसएम' या निदानग्रंथात त्याची स्वतंत्र आजार म्हणून नोंद नाही. शिवाय तो ओलिसाला लावायचा शब्द आहे. तुमची भाची ओलीस नाही. नकोसं झालं की पुस्तक मिटून दिवा मालवायचा, एवढी सत्ता तिच्या हातात आहे. प्रेमकथेचा अलिखित करारही तिला पाठ आहे: शेवटी ही दोघं सुखानं एकत्र येणार. मालिका पाच भागांची असेल तर ते सुख पाचव्या भागात येईल, पण येईल. शेवट ठाऊक असल्यामुळेच मधली भीती चवीनं घेता येते.

आता आवडतं काय ते पाहू. कांदेपोह्यांचा कार्यक्रम आठवा. बायोडेटात पगार आणि उंची, समोर इस्त्रीचा शर्ट, आणि 'स्वभावानं अगदी शांत आहे हो' असं सांगणारी मावशी. दोन्ही बाजू आपली सगळ्यात चांगली बाजू पुढे करतात आणि उरलेलं लग्नानंतर कळत जातं. वैराच्या कथेत हा क्रम उलटा असतो. शत्रूला तुमचं सगळ्यात वाईट रूप पहिल्याच भेटीत दिसतं. तुमची खोड, तुमची कमजोरी आणि तुम्ही कशाला घाबरता, हे तो मन लावून शिकतो, कारण त्याचा जीव त्यावर अवलंबून असतो. त्याला गोड बोलायची गरज नसते, म्हणून तो खोटंही बोलत नाही. असा माणूस सगळं पाहून झाल्यावर 'तूच' म्हणतो तेव्हा त्या शब्दाला वजन येतं. या कथांचं निम्मं आकर्षण आमच्या मते इथे आहे, कट्यारीत नव्हे.

दुसरं कारण असं की इथे नायिकेला रागवायची मुभा असते. ती सोसत नाही, समजून घेत नाही. ती सूड घ्यायला निघालेली असते, आणि कथा त्यासाठी तिला शिक्षा देत नाही.

हा प्रकार परका आहे असंही नाही. आदिपर्वातली हिडिंबा भावाच्या सांगण्यावरून पांडवांना भक्ष्य म्हणून आणायला निघते आणि भीमाला पाहून तिथेच अडकते. पुढे भीम तिच्या भावाला मारतो आणि तरीही त्यांचं लग्न होतं. याहून काळोखी कथानक आजच्या पुस्तकांतही सहसा मिळत नाही. सौम्य नमुना हवा असेल तर 1911 सालचं खाडिलकरांचं 'मानापमान' घ्या. धैर्यधर गरीब म्हणून भामिनी त्याला हिणवते, तोही दुखावून ताठर होतो, आणि मग ती वनमाला होऊन त्याला जवळून पाहते. ट्रोप, म्हणजे कथेचा ठरलेला साचा, तोच आहे, फक्त ड्रॅगन नाहीत.

राहता राहिला तुमच्या प्रश्नाचा गाभा: भीती आणि प्रेम एका ताटात कसं वाढतात? आपल्या साहित्यशास्त्रानं ही अडचण फार पूर्वी ओळखली होती. 14व्या शतकातला 'साहित्यदर्पण'कार विश्वनाथ करुण, बीभत्स, रौद्र, वीर आणि भयानक हे शृंगाराचे विरोधी रस सांगतो. तोडगा 9व्या शतकातल्या आनंदवर्धनानं दिलेला आहे: विरोधी रस शेजारी बसवू नयेत, त्यांच्यामध्ये तिसरा रस घालावा. त्याचा दाखला म्हणजे 'नागानंद' नाटक. त्यात नायकाचा शांत रस आणि मलयवतीवरचा शृंगार यांच्यामध्ये, 'काव्यप्रकाश'कार मम्मट सांगतो त्याप्रमाणे, संगीत ऐकून झालेला अद्भुत रस येतो. आता भाचीच्या पुस्तकाकडे पुन्हा पाहा. कट्यार आणि चुंबन यांच्यामध्ये काय आहे? तरंगणारा किल्ला, बोलणारं अरण्य, हाडांचा पूल. अद्भुत! म्हणूनच हेच कथानक हिंजवडीतल्या एखाद्या ऑफिसात घडवलं की बॉस नुसता छळवादी वाटतो. फॅंटसी इथे सजावटीला आलेली नाही, ती दोन न पटणाऱ्या रसांमधली भिंतही आहे आणि दारही.

मी मराठीत अशी कादंबरी लिहिते आहे. 90,000 शब्द, 30 प्रकरणं. सह्याद्रीसारख्या डोंगरांतली दोन काल्पनिक राज्यं. नायिका गडकऱ्याची मुलगी, नायक शत्रूचा मांत्रिक सेनापती. त्यानं तिचं गाव जाळलेलं आहे. कच्चा खर्डा वाचलेल्या चौघांनीही एकच सांगितलं: 'प्रेम अचानक झालं.' कुठे चुकतंय?
— वाचक, कर्वेनगर

बहुधा तुम्ही प्रेमाची दृश्यं वाढवत बसला असाल. दुखणं तिथे नसतं, वैरात असतं.

आधी एक चाचणी करा. नायिकेची तक्रार एका वाक्यात लिहा, मग नायकाची एका वाक्यात. हे भांडण चहाच्या टपरीवर दहा मिनिटांत मिटणार असेल तर तो गैरसमज आहे, वैर नव्हे, आणि 30 प्रकरणं त्यावर उभी राहणार नाहीत. तिच्या गावाला जगायला जी खिंड हवी तीच त्याच्या राज्याला हवी, असं काहीतरी हवं. दोघंही आपापल्या जागी बरोबर असले पाहिजेत. फक्त एकच बरोबर असेल तर दुसऱ्याला नुसती माफी मागायची उरते आणि वाचक कंटाळतो.

तुमच्या कथेत अडचण उलटी आहे: अपराध फार मोठा झाला आहे. जाळलेलं गाव कुठल्याही प्रेमानं भरून निघत नाही. इथे लेखक हमखास एक पळवाट काढतात. 25व्या प्रकरणात कळतं की आग त्यानं लावलीच नव्हती, दुष्ट काकानं लावली होती. हे करू नका. तसं केलंत की आधीची 24 प्रकरणं गैरसमज ठरतात आणि वाचकाला फसवल्यासारखं वाटतं. त्यापेक्षा अपराध लहान करा, पण खरा ठेवा. समजा आग दुसऱ्यानं लावली, पण पळून आलेल्या लोकांसाठी वेस उघडायची नाही, हा हुकूम यानं दिला होता. मागे हेर घुसतील ही त्याची भीती खोटी नव्हती, आणि त्यामुळे माणसं मेली हेही खोटं नाही. असं कृत्य वाचकाला समजू शकतं, पण पुसता येत नाही. या प्रकारातला नायक याच पट्ट्यात राहायला हवा.

आता प्रकरणांचं गणित. हा काही नियम नाही, पण तुमच्या लांबीला बसेल असा अंदाज आहे. दुसऱ्या-तिसऱ्या प्रकरणात समोरासमोर गाठ. सहाव्या-सातव्यापर्यंत दोघांना एकत्र बांधून ठेवणारं कारण: तह, शाप, ओलीस म्हणून मुक्काम, काहीही, पण त्यातून बाहेर पडणं दोघांनाही परवडणारं नसावं. दहाव्याच्या आसपास पहिला आदर. प्रेम नव्हे, आदर! शत्रूला एखादी गोष्ट आपल्यापेक्षा चांगली जमते हे मनातल्या मनात, चरफडत कबूल करणं. ही पायरी बहुतेक खर्ड्यांत गाळलेली असते आणि 'अचानक झालं' ही तक्रार तिथूनच येते. चौदाव्या-पंधराव्यात एकानं दुसऱ्याला मदत करावी, आणि ती स्वतःचं नुकसान करून घेऊन. फुकटची मदत मोजू नका. मग लगेच मागे फिरा: मदत करणाऱ्याला स्वतःचाच राग यावा, त्यानं पुढचं प्रकरणभर जास्त कठोर वागावं. स्पर्श सतराव्या-अठराव्याच्या आधी नको. तेविसाव्या-चोविसाव्यात जुनं वैर पुन्हा उफाळायला हवं, आणि तेही पहिल्या भेटीतल्या मूळ कारणावरूनच. नवीन खलनायक आणून वेळ मारून नेलीत तर पहिली तक्रार अनुत्तरित राहते.

खलनायकावरून आठवलं. नायक फार क्रूर झाला की त्याच्याहून क्रूर माणूस शेजारी उभा करायचा, म्हणजे हा बरा दिसतो, ही युक्ती सगळीकडे बोकाळली आहे. त्यानं नायक सुधारत नाही, फक्त तुलनेत उजळ दिसतो. तसंच त्याच्या दुःखी बालपणाचं. ते सांगा, पण सबब म्हणून वापरू नका. आईनं टाकलं म्हणून वेस बंद केली, असा हिशोब वाचक मान्य करत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दोघांच्या ताकदीचा तोल. ती त्याच्या कैदेत आहे, पळून जाऊ शकत नाही, आणि तरी प्रेम कबूल करते, असं असेल तर त्या कबुलीला किंमत शून्य. क्रम असा ठेवा: आधी किल्ली तिच्या हातात, मग दार उघडं, मग ती बाहेर जाते, आणि त्यानंतर प्रेम. पाय मोकळे असताना परत फिरणं हेच तिचं उत्तर. आपल्याकडच्या वाचकाला हा फरक चटकन कळतो. मनुस्मृतीतल्या आठ विवाहांत पळवून नेणं तो राक्षसविवाह, आणि परस्परांच्या इच्छेनं तो गांधर्व. तुमची कथा पहिल्याच्या उंबरठ्यावर सुरू होऊन दुसऱ्यात पोचायला हवी. मधल्या प्रवासात तिच्याकडेही त्याला खरोखर इजा करू शकेल असं काहीतरी असावं: त्याच्या मंत्राचा उलटा पाठ, त्याचं खरं नाव, काहीही. आणि ते तिनं निदान एकदा वापरावं. 'तडफदार' म्हणून ओळख करून दिलेली नायिका दर चार प्रकरणांनी त्याच्याकडूनच वाचवली जात असेल तर ते विशेषण खोडा.

वरच्या उत्तरातला अद्भुत रस इथे हत्यार म्हणून वापरा. भयाचं दृश्य आणि जवळिकीचं दृश्य पाठीला पाठ लावू नका. मध्ये दीड-दोन हजार शब्द असे घाला की दोघं मिळून तिसऱ्याच एखाद्या नवलाकडे पाहत आहेत: कातळातून उगवणारं गाव, रात्री उलटी वाहणारी नदी. तोपर्यंत एकमेकांवर रोखलेल्या नजरा तिथे पहिल्यांदा एका दिशेला वळतात. संवाद कमी ठेवा. खर्ड्यात असं एकही प्रकरण नसेल तर आधी तेच लिहा, मग वाचणाऱ्यांना परत द्या.

इंग्रजीत सगळे एकमेकांना 'यू' म्हणतात. मराठीत शत्रूला काय म्हणायचं? तू की तुम्ही? भाषांतर करताना इथेच अडतं. आणि 'फे', म्हणजे इंग्रजी कथांतल्या त्या माणसासारख्या दिसणाऱ्या मायावी जमातीला, मराठीत काय म्हणावं?
— वाचक, बिबवेवाडी

अडतं खरं, पण मराठीची चैनही इथेच आहे. इंग्रजी लेखकाला जे परिच्छेदभर सांगावं लागतं ते आपण एका सर्वनामात करतो.

'तू' दोन टोकांना लागतो. शत्रूला तुच्छतेनं आणि प्रियकराला जवळिकीनं. म्हणून सुरुवातीपासून अरेतुरे ठेवलंत तर पुढे बदलायला काही उरत नाही. दरबारी वातावरण असेल तर पहिल्या भेटीत थंड, टोचणारं 'आपण' ठेवा: 'आपण स्वतःच्या पायांनी आलात, की उचलून आणावं लागलं?' भांडण हातघाईवर आलं की दोघांपैकी एक 'तू'वर घसरतो आणि लगेच सावरून 'तुम्ही'वर येतो. हे घसरणं वाचकाच्या लक्षात राहतं. शेवटी कुणीतरी शुद्धीत, ठरवून 'तू' म्हणतो तेव्हा वेगळ्या प्रेमदृश्याची गरज पडत नाही. 'अहो' मात्र जपून वापरा. मराठी कानाला त्यात लगेच संसार ऐकू येतो, आणि रक्तानं माखलेला सेनापती क्षणात कोथरूडचा जावई होतो.

याहून बारीक अवजार म्हणजे 'आम्ही' आणि 'आपण'. 'आम्ही'तून ऐकणारा वगळलेला असतो, 'आपण'मध्ये तो धरलेला असतो. 'आम्ही खिंड सोडणार नाही' आणि 'आपण खिंड सोडायची नाही' या दोन वाक्यांच्या मध्ये तुमची अख्खी कादंबरी बसते. पहिलं असं 'आपण' कोण उच्चारतं, कुठल्या प्रकरणात, आणि समोरच्याला ते ऐकू आलं का, हे भाषांतर सुरू करण्यापूर्वीच ठरवून ठेवा. एक धोका: आदरार्थी 'आपण' आणि समावेशक 'आपण' यांचा घोळ. तो क्रियापदावरून सुटतो. 'आपण आलात' आणि 'आपण आलो'. एखाद्या प्रसंगी घोळ मुद्दाम ठेवला तर लज्जत येते, एरवी क्रियापद तपासा.

'फे' या शब्दाबद्दलही तुम्ही विचारलं आहे. 'परी' लिहू नका, डोळ्यांपुढे पंख आणि जादूची कांडी येते. सुंदर, दीर्घायुषी, शब्दाचे पक्के आणि माणसांबद्दल बेपर्वा, अशांसाठी 'यक्ष' पुष्कळ जवळचा आहे. पण यक्ष म्हटलं की कुबेर आणि 'मेघदूत' आठवतं. ते नको असेल तर 'फे' तसाच ठेवून पहिल्या उल्लेखाला एका ओळीत वर्णन करावं.

माझी मुलगी 15 वर्षांची आहे. मैत्रिणींकडून ही पुस्तकं आणते. मुखपृष्ठावर फुलं, मुकुट, तलवार. आत काय आहे ते बाहेरून कळत नाही. वाचू द्यावं का?
— एक आई, सिंहगड रस्ता

मुखपृष्ठावर जाऊ नका, नायिकेच्या वयावरही नको. सारा जे. मास यांच्या 'अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस'ची (2015) नायिका 19 वर्षांची आहे आणि पुस्तक सुरुवातीला किशोरांच्या विभागात विकलं गेलं. 2020 मध्ये ते नव्या मुखपृष्ठांसह प्रौढ वाचकांसाठी आलं. मजकूर प्रौढांचाच होता. जुन्या प्रती अजून हातोहात फिरतात, म्हणून हे मुद्दाम सांगितलं. उलट बाजूला हॉली ब्लॅक यांचं 'द क्रुएल प्रिन्स' (2018) किशोरांसाठी लिहिलेलं आहे. त्यात शरीरसंबंधांची वर्णनं नाहीत, पण अगदी सुरुवातीलाच मुलींच्या डोळ्यांदेखत आईवडिलांचा खून होतो. म्हणजे काय चालेल आणि काय नाही याचे दोन वेगळे हिशोब आहेत, ते एकत्र करू नका.

रील्सवर 'स्पाइस' म्हणून मिरच्या मोजतात. साधारणपणे एक मिरची म्हणजे चुंबन आणि पुढे दार बंद, तीन म्हणजे एकदोन उघड प्रसंग, पाच म्हणजे भरपूर आणि तपशीलवार. मोजणारा प्रत्येक जण स्वतःच्या जिभेनं मोजतो, त्यामुळे त्यावर फार विसंबू नका. पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानांत किंवा लेखिकेच्या संकेतस्थळावर 'कंटेंट वॉर्निंग' आहे का ते पाहा. 'न्यू अ‍ॅडल्ट' असं लिहिलं असेल तर ते 18 वर्षांपुढचं समजा. आणि 'डार्क रोमान्स' हा 'डार्क फॅंटसी'हून निराळा प्रकार आहे. पहिल्यात जबरदस्ती आणि छळ हाच कथेचा भाग असू शकतो. 15व्या वर्षी तो नको, असं आमचं स्पष्ट मत आहे.

घरात जप्ती आणून उपयोग होत नाही, पुस्तक मोबाईलवर जातं. त्यापेक्षा तिच्याआधी किंवा तिच्याबरोबर एक पुस्तक वाचा आणि एकच प्रश्न विचारा: 'ती कुठल्या पानावर नाही म्हणाली, आणि त्यानं ते ऐकलं का?' पान तिला शोधू द्या.

डेक्कनच्या फूटपाथवर ही पुस्तकं दुकानापेक्षा फारच स्वस्त मिळतात. घ्यावीत का?
— वाचक, नारायण पेठ

जुनी, वापरलेली असतील तर खुशाल घ्या. नवीकोरी आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली असतील तर बहुधा चोरून छापलेली असतात. प्लॅस्टिक काढायला सांगा. मुखपृष्ठावरची अक्षरं मूळ प्रतीत उठावाची असतील तर इथे सपाट लागतात. आतली छपाई फिकट-गडद होते, कारण ती बहुधा स्कॅनवरून केलेली असते. समास एका बाजूला कललेला दिसतो. पुस्तक मधोमध पूर्ण उघडा: चिकटवण कच्ची असेल तर कण्याशी करकर वाजतं, आणि सहाशे पानांच्या ठोकळ्यात दोनशेव्या पानाच्या आसपास पहिला गठ्ठा सुटतो. नकाशा हा सोपा पुरावा. या पुस्तकांत सुरुवातीला काल्पनिक राज्याचा नकाशा असतो. चोरट्या प्रतीत तो गायब असतो किंवा गावांची नावं वाचता येत नाहीत. पानांचे क्रमांक शेवटपर्यंत चाळा. सोळा पानांचा एक फर्मा दोनदा लागून पुढचा गळलेला असण्याची शक्यता असते.

अप्पा बळवंत चौकात घ्यायचं तर मालिकेचं नाव आणि भागाचा क्रमांक कागदावर लिहून न्या. नावं एकसारखी असतात, काट्यांचं अमुक आणि राखेचं तमुक, आणि तिसरा भाग पहिला समजून घरी आणणारे बरेच. मालिका पूर्ण झाली आहे का तेही विचारा. दोघं एकमेकांकडे पाठ करून उभी आहेत आणि पुढचा भाग अजून लिहिला जातो आहे, अशा जागी अडकायची तयारी नसेल तर संपलेलीच मालिका घ्या.